झाकणावरची खुर्ची

गराडू दोनदा तळतात. पहिल्यांदा मंद आचेवर, आतून शिजेपर्यंत. मग त्या फोडी परातीत निवत पडतात आणि गिऱ्हाईक आले की पुन्हा कडकडीत तेलात जातात. या दुसऱ्या तळणीचा वास निराळा. जमिनीखाली वाढलेल्या कंदाचा मातकटपणा त्यात असतो, तेलाचा उग्रपणा असतो, आणि वरून जीरावन मसाला भुरभुरून लिंबू पिळले की नाकात हुळहुळणारी एक आंबट वाफ उठते. इंदूरचा हिवाळा माझ्यापर्यंत याच वाटेने येतो. स्वेटर त्यानंतर निघतात.

यंदा तो वास इंदूरलगतच्या राऊहून परतताना भेटला. तिथल्या एका महाविद्यालयात, शब्द आणि चित्र यांच्या नात्यावर मुलांशी बोलायला मला बोलावले होते. बोलणे संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. मराठी घरातली असावी. माझ्याशी मराठीतच बोलायचे असे ठरवून उभी राहिली आणि अर्ध्या वाटेत हिंदीला शरण गेली. "मॅम, एखाद्या सेन्सिटिव्ह विषयावर पॉलिटिकल कार्टून काढायचं असेल, तर ते असरदार कशामुळे होतं? मतलब, लोकांना हसवायचं की नाही हसवायचं?"

मी तिला उत्तर दिले. संयम, सूचकता, असे चार सुबक शब्द त्यात होते. तिने ते वहीत उतरवून घेतले, आणि तिची मान खाली असताना मला माझ्या उत्तराची लाज वाटली. खरे उत्तर मला ठाऊक होते. पण ते सांगायला एक अख्खा हिवाळा सांगावा लागला असता.

तो हिवाळा आता आठ-नऊ वर्षांमागे गेला. त्या वेळी मी एका हिंदी सांजदैनिकात होते. कवितेत एम. ए. केलेल्या बाईला तिथे दोन कामे दिलेली होती: पहिल्या पानाचे मथळे बसवायचे, आणि आठल्येकाकांच्या व्यंगचित्राखाली एक ओळ लिहायची. चित्र काकांचे, ओळ माझी. सांजदैनिकाचे सारे काम सकाळचे. नऊ वाजता कचेरीत शिरावे, तर खिडकीच्या फळीवर काकांची शाईची दौत उन्हाला बसलेली असे. थंडीत शाई दाटते, रेघ अडखळते. म्हणून ती आधी ऊन खाई, मग काका. राजेंद्र नगरात आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून ते राहत. उभा जन्म शाळेत चित्रकला शिकवण्यात गेला होता, आणि निवृत्त होताना त्यांनी शाळेकडून मागून घेतलेली एकच गोष्ट म्हणजे मुलांच्या जुन्या पेपरांचे गठ्ठे. त्या पाठकोऱ्या कागदांवर ते चित्रांचे कच्चे आराखडे करीत. आराखडा उजेडात धरला की मंत्र्याच्या पोटातून कुणा मुलाने काढलेली सुरई दिसे, आणि तिच्या शेजारी दोन संत्री.

काकांची एक रीत होती. चित्र झाले की ते कुणालाही विचारत नसत की आवडले का, किंवा हसू आले का. कागद समोर धरायचा, तीन मोजायचे, कागद पाठीमागे न्यायचा आणि विचारायचे, "आधी कुठे बघितलंस?" मग, "नंतर कुठे?" एवढेच. माझ्यावर ही परीक्षा रोज होई. कचेरीखाली कोपऱ्यावर गराडूची गाडी लावणारे मांगीलालजी तर काकांचे जुने परीक्षक. झारा हातात धरून ते कागदाकडे एक नजर टाकत आणि न विचारता सांगत, "पेले तो नाक पे गई, आठले साब, फेर टोपी पे." काका परत वर येत आणि टोपीची रेघ हलकी करीत.

मला तेव्हा हे कारागिरीचे गणित वाटे. डोळ्याला कुठून आत घ्यायचे, कुठे वळवायचे, कुठे सोडायचे. कवितेतही ओळ तोडण्याची जागा असते, तसे काहीसे. त्या गणितात एखाद्या माणसाची अब्रू अडकलेली असू शकते, हे कळायला एक माणूस जावा लागला.

राऊच्या बाजूला तेव्हा नव्या वसाहती उगवत होत्या. गुळगुळीत फाटके, दोहो बाजूंना पामची झाडे, आत कारंजे. त्यांतल्या एका वसाहतीचा वार्षिक समारंभ तोंडावर आला होता आणि बागेच्या कोपऱ्यातली मैल्याची टाकी तुंबली होती. रहिवाशांच्या समितीचे अध्यक्ष येत्या निवडणुकीत वॉर्डाचे तिकीट मागणारे. समारंभाला मोठी माणसे येणार. वास येऊन चालणार नव्हते. माणसाला टाकीत उतरवणे कायद्याने बंद आहे. तरी एका सकाळी कैलास नावाचा सफाई कामगार उतरला आणि वर आला नाही. दोन दिवसांनी, त्याच बागेत, ठरल्याप्रमाणे समारंभ झाला. शाली झाल्या, हार झाले.

समितीने सगळ्या वर्तमानपत्रांना एक पत्रक पाठवले होते. कैलास कथित रूपात नशेच्या अवस्थेत, कुणी न सांगता, स्वतःहून टाकीत उतरला, असे त्यात होते. ते माझ्या टेबलावर आले. पहिल्या पानावर डाव्या हाताला दोन कॉलमांची जागा होती. मी ओळ जुळवू लागले. बोटांवर मात्रा मोजायची माझी सवय मथळे बसवतानाही सुटत नसे. 'कथित' हा शब्द कॉलमाबाहेर जात होता. मी तो काढला. 'नशे में टंकी में उतरा सफाईकर्मी, मौत.' ओळ बसली. इतकी नेटकी बसली की मी ती मनाशी पुन्हा एकदा म्हणून पाहिली, आणि चहा मागवला.

त्या चहाची चव मला आठवत नाही. आठवायला हवी होती, असे कधी कधी वाटते. ज्या क्षणी आपण कुणाचे तरी काही हिरावून घेतो, तो क्षण इतका बिनचवीचा, इतका रोजच्यासारखा असावा?

चौथ्या दिवशी कैलासची बायको कचेरीत आली. रेखा तिचे नाव. तिशीची, उंच, डोक्यावरचा पदर कानामागे घट्ट खोचलेला. दाराजवळ काकांचे टेबल होते म्हणून ती त्यांच्याशी थांबली, आणि प्लास्टिकच्या पिशवीतून आमच्याच अंकाचा तुकडा काढून त्यांच्यासमोर ठेवला. तो तिला मुलीने वाचून दाखवला होता. मुलगी सहावीत. वर्गातल्या मुलांनीही तो वाचला होता, आणि तिला आता एक नवे नाव मिळाले होते: बेवड्याची पोर. ती शाळेत जायला तयार नव्हती.

"वे पीते नी थे, बाबूजी," रेखा म्हणाली. "सादी में भी नी." मग तिने तुकड्यावर बोट ठेवले. "ये किसने लिखा?"

मथळे कोण लिहिते हे काकांना ठाऊक होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. माझ्याकडे न पाहण्यासाठी त्यांनी मान किती जपून स्थिर ठेवली होती, ते मला तीन हातांवरून दिसले. समितीकडून कागद आला होता, त्यात तसे होते, असे त्यांनी तिला सांगितले. ते खोटे नव्हते. मी माझ्या टेबलाशी बसून राहिले. समोरच्या कळफलकावर धूळ होती. मी ती पुसत राहिले.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. तिचे मागणे एकच होते. जे छापले आहे ते मिटले पाहिजे. छापलेले मिटत नाही, हे तिला कसे सांगावे? आमचे संपादक तिवारीजी केबिनमधून बाहेर आले. भला माणूस, आणि भल्या माणसांसारखाच घाईत. समितीचे पत्रक त्यांनी पुन्हा काढून वाचले. तो शब्द तिथे होता आणि आमच्या मथळ्यात नव्हता, हे त्यांच्या ध्यानात आले; मला ते काहीच बोलले नाहीत. पाचव्या पानावर खाली दोन ओळींची भूल-सुधार, म्हणजे चुकीची दुरुस्ती, घालू, असे त्यांनी रेखाला सांगितले. तिने विचारले, पाचवे पान कोण वाचते?

ती गेल्यावर काकांनी दौत उन्हातून उचलली.

पुढचे तीन दिवस मी चित्रांचे जन्म आणि मृत्यू पाहिले. पहिल्या चित्रात टाकीच्या तोंडातून एक हात वर आलेला होता आणि त्या हातात समारंभातली चकचकीत ढाल. मला ते भयंकर प्रभावी वाटले. काकांनी कागद पाठीमागे नेला. "आधी कुठे बघितलंस?" हाताकडे, मी म्हणाले. "नंतर?" नंतर कुठेच नाही, हातावरून डोळा हललाच नव्हता. काकांनी चित्र उलटे करून ठेवले. सुरई वर आली. "बघणारा घाबरेल, हळहळेल, पान उलटेल," ते म्हणाले. "गेलेल्या माणसाकडेच बघत राहिला तर अध्यक्षाकडे कोण बघणार? व्यंगचित्रात नाक मोठं काढायचं असतं, खरं आहे. पण दुःखाचं नाक मोठं काढायचं नसतं, बेटा."

दुसऱ्यात अध्यक्ष नाकाला रुमाल लावून भाषण करीत होते. मांगीलालजी ते पाहून खो-खो हसले. त्यांचे हसणे ऐकून काकांचा चेहरा उतरला. हसून मोकळे होता आले म्हणजे प्रश्न संपला. तिसऱ्या चित्रात रेखा होती, गुडघ्यांत मान घातलेली. ते त्यांनी मला दाखवलेदेखील नाही; टेबल आवरताना मला सापडले. त्यावर पेन्सिलीने एक फुली होती आणि खाली बारीक अक्षरात लिहिले होते, 'विचारलं नाही.'

चौथे चित्र एका सकाळी अचानक आले. मांडव, झालर, बागेतल्या खुर्च्यांची रांग. मधल्या मोठ्या खुर्चीत अध्यक्ष, गळ्यात हनुवटीपर्यंत हार, चेहऱ्यावर ते सुखी, जडावलेले हसू. काही विशेष नाही. मग डोळा हारावरून पोटावर येतो, पोटावरून मांडीवरच्या शालीवर, शालीच्या काठावरून खुर्चीच्या पायांकडे. आणि तिथे तो थांबतो, कारण खुर्चीचे चारही पाय एका गोल लोखंडी झाकणावर टेकलेले आहेत. झाकणाशेजारी, गवतावर, दोन चपला. एक सरळ, एक पालथी पडलेली.

"नंतर कुठे?" असे त्यांनी या वेळी विचारले नाही.

पण काकांनी ते चित्र पुढे दिले नाही. भूल-सुधार छापून आली का, हे पाहायला रेखा येणार होती. ज्याचे आहे त्याला आधी दाखवायचे, असे ते म्हणाले. मी विरोध केला. असे चित्र तिच्यासमोर ठेवणे मला क्रूर वाटत होते. आज वाटते, मला तिला पुन्हा भेटायचे नव्हते, एवढेच.

ती आली. काकांनी दोन्ही हातांनी कागद तिच्यासमोर धरला, आणि पाठीमागे नेला नाही. तिने बराच वेळ पाहिले. अध्यक्षांकडे पाहिले, झाकणाकडे पाहिले. मग तिचे बोट चपलांवर आले.

"ऐसे नी."

तिने वाकून स्वतःच्या चपला काढल्या आणि काकांच्या टेबलाखाली आम्हाला लावून दाखवल्या. एकीला एक जोडून, टाचा आत, तोंडे बाहेर. "ऐसे. बाहर को मुँह करके. निकलते ही पेन लें." बाहेर आले की लगेच पाय घालता यावेत म्हणून कैलास घरातही तशाच ठेवायचा. चौकीदाराने तिला सांगितले होते: टाकीशेजारी चपला अशाच जोडून होत्या, शर्टाची घडी करून शेजारी ठेवलेली होती, घड्याळ डाव्या चपलेत. हे सारे तिने आदल्या खेपेसही सांगितले असते, पण तिला कुणी विचारले नव्हते. आम्ही तिला काय हवे ते विचारले होते; काय घडले ते नाही.

काकांनी तिथेच पांढऱ्या रंगाने पालथी चप्पल झाकली आणि दोन चपला नव्याने काढल्या. मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते. ब्रशचे टोक टाचेवरून बोटांकडे गेले, दोनदा. इतक्या लहान रेघा, की त्यांचा आवाजही आला नाही. पालथी पडलेली चप्पल करुण होती, म्हणून आम्हाला सुचली होती. कुठल्याही अपघाताच्या चित्रात ती सुचली असती. जोडून ठेवलेल्या चपलांत एक माणूस होता. त्याला शुद्ध होती, शिस्त होती, आणि वर येऊन पायांत चपला सरकवून घरी जायचे होते.

त्या दिवशी मला एक गोष्ट समजली, जी मी राऊच्या मुलीला सांगायला हवी होती. त्या चित्रात खुर्ची रचलेली होती. प्रत्यक्षात अध्यक्षांची खुर्ची टाकीपासून वीस-पंचवीस पावलांवर असेल. चपला मात्र तंतोतंत होत्या. खुर्चीची अतिशयोक्ती कितीही करावी, ती सोसायला खुर्ची समर्थ असते. पण ज्याचे काही गेले आहे त्याच्या बाजूची रेघ केसभरही हलवायची नाही. नाजूक विषयावरच्या चित्रात हात कुठे सैल सोडायचा आणि कुठे श्वास रोखून धरायचा, हे उलटे झाले की चांगल्या मनाने काढलेले चित्रही जखम करते. हे मी आज इतके नीट मांडते आहे. तेव्हा मी फक्त टेबलाखालच्या त्या चपलांकडे पाहत होते. तिने त्या पुन्हा घातल्या आणि ती निघून गेली.

राहिली माझी ओळ.

मी तिच्यावर दीड तास घालवला. अध्यक्षांच्या तोंडी काही घालावे तर चित्र उथळ होत होते. मग मला कैलासच्या तोंडची ओळ सुचली: 'अभी आया.' दोनच शब्द. झाकणाखालून कुणीतरी सहज म्हणावे तसे. चपलांची तोंडे बाहेर, आणि हे दोन शब्द. माझ्या अंगावर काटा आला. इतकी चांगली ओळ मी त्याआधी लिहिली नव्हती, नंतरही नाही.

काकांनी ओळ वाचली आणि कागद उचलला. आम्ही जिना उतरून मांगीलालजींकडे गेलो. ऊन पिवळे होते, कढईवर वाफेचा पडदा. काकांनी चित्र ओळीसकट धरले. मांगीलालजींनी आधी ओळ वाचली, मग चित्र पाहिले, मग पुन्हा ओळ वाचली. "लाइन भोत ऊँची है," ते म्हणाले. "मैडम ने लिखी?" मला बरे वाटले. खरेच बरे वाटले.

मग काकांनी खिशातली स्टीलची पट्टी काढून ओळीवर ठेवली आणि त्यांना पुन्हा पाहायला सांगितले. मांगीलालजींची नजर हारावर गेली, खाली आली, थांबली. झारा तेलावर तसाच राहिला. एक फोड करपायला लागली होती.

"चप्पल तो जमा के रखी है," ते हळू म्हणाले. आणि थोड्या वेळाने, आमच्याकडे न पाहता, "पिया हुआ आदमी ऐसे रखता है क्या?"

आम्हाला जे सांगायचे होते ते त्यांनी सांगितले होते. आम्ही सांगितले असते तर त्यांनी ऐकून घेतले असते. आता ते त्यांचे झाले होते. संध्याकाळपर्यंत ते दहा गिऱ्हाइकांना तोच प्रश्न विचारणार होते. मी पट्टीखालच्या माझ्या ओळीकडे पाहिले. कैलासला मी एकदा दोन शब्द दिले होते, 'नशे में', आणि कॉलमात कसे छान बसले होते. आता पुन्हा दोन शब्द देत होते. ते कितीही सुंदर असले तरी त्याने ते उच्चारले नव्हते.

"ओळ काढून टाका," मी काकांना म्हणाले.

वर तिवारीजींनी चित्र पाहिले आणि चष्मा काढून पुसला. बिना लाइन का, एवढेच आधी विचारले. मग अध्यक्षांचा चेहरा ओळखू येतो का, हे त्यांनी कागद जवळ-लांब करून पाहिले. येत नव्हता, काकांनी चेहरा कुणा एकाचा काढला नव्हता, बसणे तेवढे काढले होते. काकांची मागणी एकच होती: चित्र पाचव्या पानावर जाणार नाही. चूक जिथे छापली तिथेच, पहिल्या पानावर, डाव्या हाताला, त्याच दोन कॉलमांत. आणि खाली, ठळक, भूल-सुधार. तिवारीजी खिडकीशी जाऊन उभे राहिले. दौतीशेजारी त्यांनी हात टेकला, उन्हात. "दादा, मरवाओगे," ते म्हणाले आणि कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून फोन सुरू झाले. पहिला एका वसाहतीच्या अध्यक्षांचा होता. चित्र आपल्यावर आहे आणि आपली बदनामी झाली आहे, असे त्यांचे म्हणणे. काकांनी वसाहत विचारली. भलतीच निघाली. तासाभरात दुसऱ्या भलत्याच वसाहतीचे अध्यक्ष बोलले, आणि संध्याकाळी तिसऱ्या. तिघांनाही तो हार ओळखीचा वाटला होता. काका रिसीव्हर ठेवून इतके हसले की त्यांना खोकला आला. "बघ, त्याचा चेहरा काढला असता तर एकच चिडला असता." ज्यांचा फोन यायला हवा होता त्यांचा आला नाही. पण त्या वसाहतीतल्या काही बायकांनी समितीला लेखी विचारले, की आमच्या बागेतल्या टाकीत माणूस कुणाच्या सांगण्यावरून उतरला. चौकीदाराने आपले म्हणणे पोलिसांत जाऊन सांगितले. पुढे त्या प्रकरणाचे जे व्हायचे ते सावकाश झाले, अर्धेमुर्धे झाले. एका चित्राने न्याय होतो असे मी म्हणणार नाही. 'नशे में' हे शब्द मात्र पुन्हा कुणी छापले नाहीत.

परवा राऊहून येताना मी मांगीलालजींच्या गाडीपाशी उतरले. आता गाडी त्यांचा पुतण्या सांभाळतो. ते स्टुलावर बसून नजर ठेवतात. पुडा बांधून घेतला आणि काकांकडे गेले. काका आता चित्रे काढत नाहीत, हात कापतो. गराडूच्या कडक कडाही चावत नाहीत. ते आतला मऊ गर तेवढा खातात आणि कडा माझ्या बशीत सरकवतात. मी त्यांना त्या मुलीचा प्रश्न सांगितला, माझे सुबक उत्तरही सांगितले. ते बोटांचा मसाला पुसत राहिले. मग म्हणाले, "तिला चित्रं दाखवलीस ना? आधी कुठे बघत होती?" माझ्या ते लक्षात नव्हते. मी बोलत होते. त्यांनी मान हलवली. नाराजीने नव्हे, शाळेत मुलाची सुरई एका बाजूला कलली असेल तर हलवत असतील तशी.

घरी येताना त्या हिवाळ्याचा शेवट आठवत राहिला. तो मी काकांनाही कधी सांगितला नाही.

चित्र छापून आल्यावर दोनेक आठवड्यांनी, जानेवारीतल्या एका दुपारी, मी रेखाकडे गेले. राऊच्या रस्त्यालगतची वस्ती. पत्त्यासाठी तीन जणांना विचारावे लागले. वाटेत कचरागाडी आपले गाणे लावून पुढे चालली होती, आणि तिच्यामागून जाताना आपण त्या गाण्याच्या पाठलागावर आहोत असे वाटत होते. रेखा दारात उन्हाला बसली होती, पोत्यावर, समोर सुपात हरभऱ्याचे घाटे. सोलताना त्यांचा हिरवा, खारट वास येत होता. मुलगी शाळेत गेली होती. हे तिने आपण होऊन सांगितले, आणि ते सांगताना तिचे हात क्षणभर थांबले. आत भिंतीवरच्या आरशाच्या चौकटीत आमच्या अंकाचा तुकडा खोचलेला होता. चित्र आणि खालची भूल-सुधार, दोन्ही.

मी उंबऱ्याशी चपला काढल्या. कशा ठेवाव्यात ते कळेना. जोडून ठेवणे ढोंग वाटले असते, तशाच टाकणे त्याहून वाईट. शेवटी हातात धरून उभी राहिले.

बोलायचे ते मी वाटेत जुळवून आणले होते. त्यातले काही आठवले नाही. मी तिला सांगितले की तिने त्या दिवशी कचेरीत विचारले होते, ये किसने लिखा. ते मी लिहिले होते. कागदात एक शब्द जास्त होता, त्या शब्दाने तिच्या नवऱ्याला निदान संशयाचा फायदा मिळाला असता. ओळ लांब होत होती म्हणून मी तो काढला. आणि तिने विचारले तेव्हा तीन हातांवर बसून मी गप्प राहिले.

सांगताना माझी हिंदी मोडकी झाली. मध्येच मराठी येत होती. तिला सगळे कळले असावे, कारण तिचे सोलणे थांबले होते. तिने माझ्याकडे पाहिले. मग हातातल्या चपलांकडे पाहिले. रस्त्यावर गाडीचे गाणे लांब जात जात वळणावर बुडाले. एक घाटा तिच्या मुठीत होता. तिने तो फोडला नाही, सुपातही टाकला नाही.

मग तिने सूप उचलून पलीकडे ठेवले, पोत्यावरची टरफले तळहाताने झटकली, आणि जागा झाली तेवढ्यावर नजर ठेवून म्हणाली, "बैठो."